पाचवी खिडकी

१

रंग ओळखणे हा माझा धंदा. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये बावीस वर्षं शेड मास्टर आहे. पार्टी कापडाची चिंधी पाठवते आणि म्हणते, सगळा माल असाच पाहिजे. ती चिंधी मी कार्डाला टाचतो. कार्ड मशिनवर जातं. लॉट रंगून आला की उत्तरेच्या खिडकीशी दोन्ही शेजारी धरून बघायचं. सकाळी अकरा ते तीनचा उजेड खरा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात गेला की सवतीसारखा तोंड फिरवतो, हे नव्या पोरांना कितीदा सांगितलं तरी कळत नाही.

आमच्या खात्यात कायदा एकच. चिंधी टाचली म्हणजे ऑर्डर झाली. आणि लॉट एकदा मशिनमध्ये चढला की मग मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी काही करता येत नाही.

रविवारी मात्र मी पत्र्याच्या आगगाड्या गोळा करतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, किल्ली दिली की धावणाऱ्या. त्यातही माझा जीव एकाच डब्यावर. खाली पतंगाचा छाप, दोन्ही बाजूंना सहा-सहा खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत छापलेलं एक-एक डोकं: फेटेवाला, अंबाड्याची बाई, मिशीवाला, चष्मेवाले आजोबा, टोपीवाला आणि शेवटी शिपाई. सगळे डबे एकाच ठशावरून निघालेले. पण कुठे लाल रंग गडद पडला, कुठे छपाई सरकून मिशी गालावर गेली. असे फरक शोधायचे. माझ्याकडे आठ डबे होते आणि आठही वेगळे. आईला, म्हणजे सरलाबाईंना, हे कधी पटलं नाही. "एवढा मोठा व्हयना आन गाडी खेळस!" असं ती गोडादऱ्यातल्या आमच्या अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. मी हसायचो. हौसेला मोल नसतं.

घरात आम्ही चौघं. आई, मी, माझी बायको गायत्री आणि हर्षदा. हर्षदा सात वर्षांची. हे मी आधीच लिहून ठेवतो.

२

आषाढातल्या एका रविवारी गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, सुकदेव भेटला. सुकदेव लिंबायतचा, मूळचा आमच्याच पारोळ्याकडचा. जुनं लोखंड, पितळ, पत्रा असं काय काय मांडून बसतो. त्याने फडक्याखालून एक डबा काढला.

"हाऊ लई जाय, हेमराजभाऊ. खोट शे. एक मानूस कमी शे म्हनीसन कोनी लेत नही."

मी डबा उन्हात धरला. पाचवी खिडकी रिकामी होती. दुसऱ्या बाजूला फिरवला, तिथेही पाचवी रिकामी. खरवडलेली नव्हे, घासलेली नव्हे. खिडकीचा पिवळा रंग कडेपासून कडेपर्यंत सलग, आणि त्यावर टोपीवाला छापलाच नव्हता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी माझी गत झाली. सुकदेवला चहा पाजला आणि तो बोलणं बदलायच्या आत निघालो.

नवसारीचे किरणभाई म्हणजे या डब्यांमधले आमचे गुरुजी. त्यांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन आला. "हेमराजभाई, आवो पीस में जिंदगीमां जोयो नथी! संभाळजो!"

संभाळा म्हणाले. त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं.

३

घरी आल्यावर मी खिडकीशी बैठक मारली. प्रत्येक डब्याचा लाल रंग किंचित वेगळा असतो. म्हणून मी त्याच्याशी जुळणारी मिलमधली चिंधी शोधून डब्याच्या तळाशी, पत्र्याच्या वळवलेल्या जिभेखाली खोचून ठेवतो. जित्याची खोड. कार्डाला टाचतो तसंच हे.

या डब्याचा रंग माझ्याकडच्या एकाही चिंधीशी जुळेना. डाळिंबी, पण आत थोडी वीट. हर्षदा गुडघ्यांवर हात टेकून बघत होती. आदल्याच दिवशी तिचा वरचा पुढचा दात पडला होता, आणि त्या फटीतून जीभ बाहेर काढायचा नवा खेळ सुरू होता.

"पप्पा, हा तर माझ्या फ्रॉकचा रंग आहे."

बघितलं तर खरंच. तो फ्रॉक मीच आणलेल्या कापडाचा. पार्टीने नाकारलेला लॉट होता, गायत्रीने त्यातून फ्रॉक शिवला होता. हर्षदाने गायत्रीच्या शिलाईच्या डब्यातून उरलेला तुकडा आणून दिला. मी तो डब्याशेजारी धरला. बावीस वर्षांत इतकं बिनचूक जुळलेलं मी पाहिलं नव्हतं. शाबासकी म्हणून तिच्या डोक्यावर टपली मारली आणि चिंधी तळाशी खोचून जीभ दाबून टाकली.

"या बारीतला टोपीवाला कुठे गेला?" तिने विचारलं. सुरतेत जन्मलेली पोर, खिडकीला बारीच म्हणते.

"उतरला असेल."

"मग जागा खाली आहे?"

"आहे की," मी म्हणालो आणि डबा काचेच्या कपाटात आठांच्या ओळीत ठेवला.

४

आठवड्याने धूळ पुसायला डबा काढला तेव्हा पाचव्या खिडकीतला पिवळा मला मळकट वाटला. मधोमध जरा करडा, जरा गव्हाळ. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. माझ्या नजरेला दिसला आणि दिसल्यावर सुटेना.

मी स्वतःची समजूत घातली. हाताचं तेल लागलं असेल. सुरतेची दमट हवा, आतून गंज धरला असेल. डबा उत्तरेच्या उजेडात बघितला, उन्हात बघितला, ट्यूबखाली बघितला. गंज तिन्ही उजेडांत वेगळा दिसतो. हा तिन्हींत एकच दिसत होता. असा रंग मला एकाच गोष्टीचा माहीत आहे, आणि ती म्हणजे माणसाची कातडी. कापडात तो आजवर कुणाला साधलेला नाही.

त्याच आठवड्यात हर्षदाची रिक्षा दोनदा न थांबता निघून गेली. रिक्षावाला सखाराम चार वर्षं आमच्या दारातून पोरं नेतो. मी खाली गाठून त्याला झापला. तो कान पकडून म्हणाला, "खरं सांगू साहेब, तुमच्या जिन्याशी आलो की आठवतच नाही इथे कोणाला घ्यायचंय. वय झालं."

सखारामला अजून चाळिशी लागली नाही. मी हसण्यावारी नेलं. आज वाटतं, तेव्हाच त्याचे पाय धरून नीट विचारायला हवं होतं.

५

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. खानदेश सोडून तीस वर्षं झाली, पण कानबाई सुटली नाही. त्या आधी रोटांचं धान्य काढतात. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू नि डाळ सुपात टाकायची. काही घरांत फक्त पुरुषांच्या मुठी घेतात. आई मात्र सगळ्यांच्या घेते, पोरीसोरींच्याही. त्या धान्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, घरच्यांनीच खायच्या. बाहेरच्याला कण द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायच्या. हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात सोडायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठलं, म्हणून आम्ही ते तुळशीच्या कुंडीत ओततो.

आई सूप घेऊन बसली. हर्षदा तिला टेकून बसली होती, मांडीला मांडी लावून.

"हेमराजनी." मूठ पडली. "गायत्रीनी." मूठ पडली. "मनी," म्हणजे तिची स्वतःची. मूठ पडली. आणि आईने हात झटकून सूप उचललं.

"आई, हर्षदाची?"

आईने माझ्याकडे बघितलं. विसरलेलं माणूस जसं चटकन जीभ चावतं, तसं तिने केलं नाही. ती वाट बघत राहिली, मी पुढे काय सांगतो याची. मग तिचा हात शेजारच्या पोरीला लागला आणि ती दचकली.

"ओ माय! हाई ते ऱ्हाईच गयी!" म्हणत तिने चौथी मूठ टाकली, सव्वाची चांगली दीड टाकली आणि पोरीचे मुके घेतले. गायत्री हसली. हर्षदा हसली नाही.

"पप्पा," ती मला हळूच म्हणाली, "शाळेत पण मी हजेरीला हो म्हणते, टीचरला ऐकूच येत नाही."

६

मी सरळ कपाटाकडे गेलो. सकाळचे साडेअकरा, खिडकीतून लख्ख उजेड.

पाचव्या खिडकीत डोकं होतं. पाठमोरं. दोन वेण्या, दोन रिबिनी, आणि खिडकीच्या खालच्या कडेला खांद्याएवढा डाळिंबी रंग, आत थोडी वीट असलेला. बाकी सगळी डोकी बाहेर बघतात. हे आत बघत होतं.

चिंधी. मी डबा उलटा केला, जीभ उचकटली आणि चिंधी ओढून काढली. बाकीच्या आठ डब्यांतही चिंध्या होत्याच की, पण त्यांत जागा नव्हती. इथे रिकामी जागा होती आणि मी, बावीस वर्षांच्या अनुभवाचा शहाणा, तिच्यासमोर नमुना टाचून ठेवला होता.

चिंधी काढून काय होणार होतं? लॉट चढला होता. तरी मी वेड्यासारखं अंगठ्याचं नख त्या रिबिनीवर घासलं. स्वयंपाकघरातून हर्षदा किंचाळली. धावत गेलो तर ती मान धरून उभी होती आणि गायत्री तिचे केस बाजूला करून बघत होती. मानेवर नखाएवढा लाल ओरखडा.

"काही चावलं वाटतं," गायत्री म्हणाली.

मी हात पाठीमागे लपवला. टर्पेंटाइन, ब्लेड, भट्टी, मनात आलेले सगळे उपाय त्या क्षणी संपले.

७

त्यानंतर मी रजा टाकली. रोज अकरा वाजता हर्षदाला उत्तरेच्या खिडकीशी उभी करायचो आणि ती चिंधी तिच्या फ्रॉकशेजारी धरायचो. चिंधी जशीच्या तशी होती. फ्रॉक उतरत होता. कच्चा रंग धुण्यात जातो तसा, रोज एक छटा. मग चिंधी बाजूला ठेवून मी तिच्या गालाकडे बघितलं आणि गालही उतरत होता. गव्हाळ होता, साय झाला. कुणाला सांगू? कारखान्यात मी जिथे बोट ठेवायचो तिथे सगळे मान डोलवायचे. घरात मी बोट ठेवत होतो आणि कुणालाच काही दिसत नव्हतं.

गायत्रीला सांगितलं. तिला पटावं म्हणून पोरीला उजेडात उभी केली. गायत्री नाशिककडची, तोलून बोलणारी. तिने पोरीऐवजी माझ्याकडेच बघितलं. "डॉक्टरला दाखवू या," म्हणाली. मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला असेल तुमचा."

कानबाई बसली, उठली. ढोल-ताशांत अख्खा गोडादरा नाचला. हर्षदा माझ्या कडेवर होती आणि तिचं वजन मला लागत नव्हतं.

"पप्पा, कानात खडखड वाजतं," ती म्हणाली.

"ढोल आहेत बेटा."

"ढोल नाही. डबा हलतो. आणि बाहेर सगळं पिवळंच आहे."

मी तिला विचारलं, तिथे कोण आहे. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं, पण फटीतून नुसता वारा आला. शब्द आला नाही.

बुधवारी दुपारी तिचा हात हातात घेऊन मी पलंगावर बसलो. ठरवलं होतं की सोडायचाच नाही. भूक लागली तरी उठलो नाही. तिचा अंगठा माझ्या तळहातावर मधूनमधून दाबला जात होता, मी आहे असं सांगितल्यासारखा. मी तिच्याकडे एकटक बघत होतो. पापणी लवली असेल तर तेवढीच. कुकरची शिट्टी झाली. गायत्री पदराला हात पुसत बाहेर आली.

"असे मूठ आवळून काय बसलात?"

मी खाली बघितलं. मूठ माझीच होती आणि आत काही नव्हतं.

मी ओरडलो, नाव घेऊन ओरडलो. गायत्री घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या बाईच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काळजी होती, नवऱ्यासाठी असते तेवढी. आई म्हणून जे असायला हवं होतं, ते शोधून सापडलं नाही. हूकवर दप्तर नव्हतं. दाराशी चपलांचे तीन जोड होते. शिलाईच्या डब्यात डाळिंबी दोराही नव्हता.

८

दुसऱ्या दिवशी किरणभाईंना त्याच डब्याचा फोटो पाठवला आणि फोन केला.

"हेमराजभाई, आ तो कॉमन पीस छे," ते म्हणाले. "आमां जोवा जेवुं शुं छे?"

"पाचवी खिडकी बघा. यात टोपीवाला असतो ना?"

"केवो टोपीवाळो? पांचमी बारीमां छोकरी. बधामां छोकरी ज होय."

मी कपाट उघडलं. नऊच्या नऊ डब्यांत, दोन्ही बाजूंना, पाचव्या खिडकीत दोन रिबिनी होत्या. एकात छपाई जरा सरकली होती, तिथे एक रिबीन शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर गेली होती. सगळ्यांत ती पाठमोरीच. माझा दुर्मीळ डबा कोणता, तेही मला आता ओळखता येईना. नऊही अगदी एका शेडचे झाले होते.

त्या टोपीवाल्याचा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला. त्याच्याही घरी कुणी असेल.

९

पौर्णिमेच्या सकाळी आई रोटांची टोपली घेऊन कोड्यात पडली होती.

"यंदा रोट कसं काय उरनं रे? मानसे तीन. मी काय चार मुठी लिध्यात का? म्हातारी व्हयनू मी."

एक रोट उरला होता. परक्याला देता येत नाही, टाकता येत नाही, आणि पौर्णिमा त्याच दिवशी सरणार होती. मी तोंडावर हात दाबला. जगातून तिचं सगळं पुसलं गेलं होतं, पण ती चौथी मूठ दळली गेली होती, मळली गेली होती, भाजली गेली होती. ती तेवढी कुणाला परत घेता आली नव्हती.

"दे," मी म्हणालो. "मी खातो."

ताटलीत रोट घेऊन मी कपाटाशी गेलो. काच सरकवली, ताटली डब्यांच्या समोर ठेवली आणि काच लावून घेतली. समोर थांबायचा धीर झाला नाही. आंघोळीला गेलो, दोन तांबे डोक्यावर घेतले आणि ओल्या अंगानेच परत आलो.

आई माझ्या आधी तिथे पोचली होती. तिने काच सरकवून ताटली बाहेर काढली होती आणि ती रोट खिडकीच्या उजेडात धरून बघत होती.

"हेमराज, हाई काय शे?"

रोटाच्या कडेला एक घास तोडलेला होता. लहान, अर्धगोल. आणि त्या अर्धगोलात वरच्या बाजूला, मधोमध, एका दाताएवढं पीठ तसंच उभं राहिलं होतं.

चार पोरं वाढवलेली बाई ती. तिने त्यावर अंगठा फिरवला.

"दात पडेल पोरना घास शे हाऊ," आई म्हणाली. "कोनं पोर उनं व्हतं घरमा? परकानं उष्टं व्हयनं ना रोट!"

"परकं नाही आई. माझी पोर आहे. तुझी हर्षदा."

आईने रोट ताटलीत ठेवला. माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला, कपाळाला लावून ताप बघितला. लहानपणी मी आजारात बरळायचो तेव्हा बघायची तसंच.

"तुले कोठे पोर शे रे, भाऊ?" ती मायेने म्हणाली आणि ताटली माझ्या हातात दिली. "खाई ले. पौर्निमा सरी जाई."

मी त्या घासाच्या कडेपासून खायला सुरुवात केली.